तहानलेली माती

या, असे जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा, चहा मागून येतोच आहे. आज आख्यान लावतो ते पुराणातलं नाही, एका तालमीतलं आहे. आणि ते अजून घडायचं आहे, असं समजून ऐका.

साल दोन हजार एक्केचाळीस. दूधगंगेकाठच्या त्या तालमीत वस्ताद हिंदुराव चौगले दर शनिवारी कुस्तीच्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल आणि ओंजळभर मीठ कालवायचे. पैलवानाच्या अंगाला खरूज होऊ नये म्हणून वडिलांपासून चालत आलेली रीत. त्या मातीत त्यांची नात शर्वाणी घुमायची, म्हणजे कुस्तीचा सराव करायची. आठ दिवसांवर राज्याच्या संघाची निवड होती.

निवड समितीनं तिच्या दंडावर घामपट्टी चिकटवली होती. नखाएवढी. कातडीवरचा क्षार मोजून किती घाम गेला ते ही पट्टी ठरवायची आणि कट्ट्यावरच्या बाटलीला कळवायची. बाटलीत क्षारपेय.

"शर्वाणी, दोनशे मिली प्या," बाटली बोलली.

"आत्ताच तर ढोसलं की!" शर्वाणी कुरकुरली, पण प्यायली. नाही प्यायलं तर गुण कापले जात.

"तहान लागलीया का तुला?" वस्तादांनी विचारलं.

"न्हाई आबा. पण तहान उशिरा कळती म्हणं. पट्टीला आधी कळतंय."

"आपल्या म्हशीला बिनपट्टीचं कळतंय की."

"मग म्हशीलाच धाडा निवडीला!"

सगळी तालीम हसली. वस्तादही हसले, पण सराव संपल्यावर त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. घाम गाळलेल्या पैलवानाचं वजन उतरतं. हिचं दीड किलोनं वाढलं होतं. बोटातली अंगठी रुतली होती, डोकं ठणकत होतं.

त्यांनी पट्टीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून यंत्राचा गोड आवाज आला, "पट्टी अचूक आहे. खेळाडू कमी पीत आहे."

"बास कर पोरी," वस्ताद म्हणाले.

"आबा, आठच दिवस. नाव कटलं तर पुन्हा चार वर्षं थांबू व्हय?"

तिची चार वर्षांची मेहनत त्यांनी पाहिली होती. त्यांनी पट्टी राहू दिली.

चौथ्या दिवशी शर्वाणीला उलट्या झाल्या, आणि मातीतच आकडी आली. रुग्णवाहिका आली. आत ना डॉक्टर, ना चालक. यंत्रानं पट्टी वाचली, "शरीरातलं पाणी संपलं आहे," असं सांगितलं आणि ग्लुकोजची बाटली चढवली.

"आरं, पाणी जास्त झालंय तिला! वजन तर बघ!" वस्ताद ओरडले.

"कृपया हात दूर ठेवा."

अकरा किलोमीटर ते नातीचे पाय धरून विठ्ठल विठ्ठल म्हणत राहिले. थेंब पडत राहिले.

रुग्णालयात डॉक्टर तांबोळीबाईंनी आधी ती बाटली बंद केली, पट्टी उपटली. रक्त तपासून त्या म्हणाल्या, "बाबा, दोन-तीन तास घाम गाळणाऱ्याला हे पेय उपयोगी पडतं. पण घाम जाईल त्याहून जास्त पोटात गेलं, की रक्तातलं मीठ विरळ होतं, मेंदू सुजतो."

"त्या पेयात मीठ हाय की."

"रक्ताच्या मानानं फार थोडं. पण पट्टी एवढी चुकली कशी, तेच कळत नाही."

वस्तादांनी पट्टी मुठीत घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत कुणी नव्हतं. त्यांनी ती ओल्या मातीवर चिकटवली.

कट्ट्यावरची बाटली जागी झाली. "शर्वाणी, दोनशे मिली प्या."

क्षणभरानं पुन्हा, "शर्वाणी, दोनशे मिली प्या."

आपल्याच हातानं कालवलेलं मीठ. घाम कुठला आणि माती कुठली, हे त्या पट्टीला कधी कळलंच नव्हतं. त्यांनी फोन लावला. तोच गोड आवाज: "पट्टी अचूक आहे." त्याच आठवड्यात आणखी चाळीस तालमींना पट्ट्या निघाल्या होत्या.

त्या चाळीस ठिकाणी कोण आपल्या पोरीला काट्यावर उभं करणार? आणि केलंच, तर वस्तादांचं तरी कुणी ऐकलं होतं?

आता उठा, पण एवढं करा. घरी देवापुढे हात जोडाल तेव्हा शर्वाणी चौगले हे नाव घ्या. तिचे डोळे उघडे आहेत, पण आबांना ती अजून ओळखत नाही.