तीन ठोके

खोटं वाटलं तर खुशाल खोटं म्हणा. मी वाद घालणार नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि मामा थापा मारणाऱ्यातला नाही. त्याला बोलतं करायलाच मला दोन दिवस लागले.

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. गेल्या उन्हाळ्यातला मंगळवार. दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन.

मामा गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. गॅरेज मामीच्या पहिल्या नवऱ्याचं. तो वारला, पुढे मामाने मामीशी लग्न केलं आणि गॅरेजही चालवायला घेतलं. घर गॅरेजच्या मागेच. त्या पहिल्याला सगळे थोरले मिस्त्री म्हणायचे. मामा म्हणजे नवे मिस्त्री.

चार वर्षं झाली, तरी नवेच!

"थोरले मिस्त्री असते तर नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं," असं गिऱ्हाईक म्हणालं की मामाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिवंत माणसाशी भांडता तरी येतं हो. मेलेल्याचं काय करणार? तो चुकत नाही, घोरत नाही, म्हाताराही होत नाही.

त्या दिवशी दातांच्या एक डॉक्टरीणबाई जुनी पांढरी गाडी घेऊन आल्या.

"एसी लावला की आतून आवाज येतो. टक्... मग जरा वेळाने टक् टक्. कोणी दार वाजवतंय असं वाटतं. आधीच्या मालकाने एसीचं काम इथेच करून घेतलं होतं म्हणे."

इथेच म्हणजे कोणाकडून, ते मामाला कळलं.

त्याने पंख्याचा वेग कमीजास्त करून पाहिला. आवाज तसाच. म्हणजे ब्लोअर नाही. इंजिन रेस केलं. तरी तसाच. म्हणजे कॉम्प्रेसरही नाही. मग उरली डॅशबोर्डच्या आतली हवेची झडप. तिच्या छोट्या मोटरीचा दात तुटला की असंच टकटकतं. मामाने मोटर बदलली.

आवाज गेला नाही.

मग त्याने मामीला हाक मारली. हे काम दोघांचं असतं. एकाने आत बसून बटण दाबायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली वाकून ऐकायचं. इंजिनच्या घरघरीत मामा "चालू कर! बंद कर!" ओरडायचा, मामी आतून "काय?" विचारायची. मामाचा घसा बसायचा.

त्या दिवशी मामाने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

टक्...

एसी चालू झाला.

टक् टक्...

बंद.

मामाने बाजूने डोकावून पाहिलं. "तुला कोणी सांगितलं बंद करायला?"

"तुम्हीच ठोकलंत ना? एकदा चालू, दोनदा बंद."

"ही कुठली पद्धत?"

मामी जरा घुटमळली. "आमची जुनी. आवाजात ऐकू येत नाही, म्हणून ते पान्याने ठोकायचे."

आमची! चार वर्षं हा घसा फोडतोय, आणि बाईसाहेबांनी एवढी सोपी युक्ती जपून ठेवली होती. मामा म्हणतो, भीती नंतर वाटली. आधी नुसता जळफळाट झाला.

"माझ्या हातात पाना नाही," तो म्हणाला. दोन्ही हात वर करून दाखवले.

मग इंजिन बंद केलं. बॅटरीच्या वायरी काढल्या. आता गाडीत वाजायला काही उरलं नव्हतं.

टक्... टक्... टक्...

तीन.

मामीच्या गालांवर लाली चढली. ती डॅशबोर्डवर हात ठेवून बसून राहिली.

"तीन म्हणजे काय?" मामाने विचारलं.

"काही नाही."

"अगं, एक चालू, दोन बंद. मग तीन काय?"

"ते कामाचं नव्हतं," मामी म्हणाली आणि उतरून घरात निघून गेली.

गाडी दुसऱ्या दिवशी गेली. आवाजही गेला. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, "अगदी थोरल्या मिस्त्रींसारखा हात आहे हो तुमचा!"

आठ दिवस मामाने कसेबसे काढले. एका दुपारी गॅरेजमध्ये एकच टॅक्सी उभी होती. मामी स्वयंपाकघरात. मामाला राहवेना. त्याने पाना उचलला आणि टॅक्सीच्या पत्र्यावर तीनदा ठोकलं.

घरात काहीतरी खळकन पडलं. मामी धावत बाहेर आली. ओल्या हातांनी, केस मागे सारत. तो चेहरा मामाने लग्नाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

मग तिला मामा दिसला.

"तुम्ही होय," ती म्हणाली. अगदी हळू. आणि परत निघाली.

तेवढ्यात...

टक्... टक्... टक्...

टॅक्सी बंद होती. किल्ली मामाच्या खिशात होती. पाना खाली पडला होता.

मामी वळली. चेहरा पुन्हा तोच. मामाच्या शेजारून गेली, टॅक्सीत बसली, दार लावून घेतलं. भर उन्हात काचांवर बाहेरून दव धरलं. मामाने काचेला हात लावला... बर्फ! त्याने काच ठोठावली, हाका मारल्या, दार ओढलं. मामीने मान वळवली नाही. ती कोणाचं तरी ऐकत होती आणि मधूनच हसत होती.

दहा मिनिटांनी उतरली. "भाजी करपली असेल," म्हणत घरात गेली.

आता हे दर चार-आठ दिवसांनी होतं. कुठल्याही गाडीत.

"मामा, गॅरेज विकून टाक," मी म्हणालो. आम्ही घराच्या ओट्यावर बसलो होतो. मामी जरा पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती.

मामाने आवाज खाली आणला. "विकेन रे. पण ती माझ्याबरोबर येईल का?"

मी उत्तर देणार, एवढ्यात मामीने हातातला टॉवेल तसाच टाकला आणि लगबगीने गॅरेजकडे गेली.

मी कान देऊन ऐकलं. काहीच वाजलं नव्हतं. मी मामाकडे पाहिलं.

"हल्ली तो मला ऐकूसुद्धा येऊ देत नाही," मामा म्हणाला.