अप्पासाहेबांची सही

"हे माझं पत्र न्हाई, बाई." साखराबाईंनी प्लॅस्टिकचं पाकीट टेबलावर आपटलं.

बीडमध्ये खासगी तपासाची कामं घेणाऱ्या शिवकन्याने पाकीट उघडलं. पिवळा कागद, मोडी अक्षरं, खाली अप्पासाहेबांची ठसठशीत सही. निजामाविरुद्धच्या लढ्यातल्या या पुढाऱ्याच्या हातचं आता फारसं काही उरलेलं नव्हतं. कागदाच्या तीन कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं होती. चौथा कोपरा फाटलेला.

"मावशी, तुम्हाला मोतीबिंदू. ओळखलं कसं?"

"नाकानं. जन्मभर घोंगड्यात ठिवलेलं पत्र हाय ते. याला मेंढराचा वास कुठंय? मी आईच्या पोटात हुते तवा आलतं. बापाची तेवढीच खूण. तेलगावच्या प्रदर्शनाला म्हणून राधाकिशन सायबानं नेलं, आन् हे आणून दिलं. वर म्हणतेत, म्हातारीला भ्रम झालाय!"

त्या गेल्यावर शिवकन्याचा सहकारी माऊली हसला. "वासावर कुठं केस असते का, ताई? कोपरा तर उंदरानं खाल्लाय."

शिवकन्या हसली नाही.

पत्र तिघांच्या हातांतून गेलं होतं. सिरसाळ्याचा फ्रेमवाला परमेश्वर भडकूनच बोलला, "मी चोर? कोपरा बघूनच म्हणलं, हे घरात न्यायचं न्हाई. दुकानातच काच बसवली, हात धुतले, मग जेवलो."

शिक्षिका सायलीने प्रदर्शनासाठी पत्राचा फोटो काढला होता. तिला मोडी येत होती. "वाचताना रडले मी. राधाकिशन सरांना म्हटलं, वाचून दाखवते. तर म्हणाले, मजकुराचं राहू द्या, सही स्पष्ट येऊ द्या."

राधाकिशन पुण्याहून गावी परतलेले. पुढाऱ्यांच्या सह्यांचे अकरा अल्बम त्यांच्या कपाटात होते.

"अस्सलच परत केलंय," ते म्हणाले. "शाबासकीचं पत्र. त्या घरानं देव्हाऱ्यात पूजलेलं. हळदकुंकू दिसत नाही का? धनगराच्या बाईला काय कळणार त्यातलं!"

माऊलीने मान डोलावली. शिवकन्या म्हणाली, "उद्या सगळ्यांना इथंच बोलावते."

दुसऱ्या दिवशी राधाकिशन यांच्या घरी साखराबाई, सायली, परमेश्वर, सगळे आले.

"माऊली, फोन नव्हते तेव्हा मरणाची बातमी पत्रानं कशी यायची?"

"कोपरा फाडून..." माऊलीची जीभ अडखळली. "म्हणजे उंदीर नव्हता?"

"नव्हता. हे दुखवट्याचं पत्र. साखराबाईंचे वडील सिदू मेंढरांमागून चळवळीचे निरोप नेत. गोळी लागून गेले, ते अप्पासाहेबांनी त्यांच्या गरोदर बायकोला कळवलं. अशा पत्राला कुठली विधवा हळदकुंकू लावेल? ते लावलं नकलेला जुनं रूप देणाऱ्यानं. परमेश्वरनं कोपरा ओळखला होता. सायलीनं मजकूर वाचला होता, तिनंच मला तो सांगितला. शाबासकीचं पत्र समजणारे तुम्ही एकटेच, राधाकिशनजी. फोटोवरून अक्षरं गिरवलीत, फाटका कोपराही उतरवलात. काय लिहिलंय ते मात्र विचारलंत नाही. अल्बम काढा."

राधाकिशन कपाटासमोर आडवे उभे राहिले. शिवकन्याने फोन उचलला, "पोलिसांनी काढलेला चालेल?"

अकराव्या अल्बममध्ये, शेवटच्या पानावर, दोन बोटं रुंदीची एक चिठोरी चिकटवलेली होती. नुसती सही.

"बाकीचं पत्र?" सायलीने पान उलटून पाहिलं.

"मापात बसत नव्हतं," राधाकिशन पुटपुटले. "खालच्या खणात असेल. कात्रणांत."

"कापलं?" माऊली ओरडला. "मेलेल्या माणसाचं पत्र कापलं बे तू?"

सायलीने खणातून कागद शोधून साखराबाईंच्या हातात दिला. शिवकन्या अल्बममधली चिठोरी सोडवू लागली.

साखराबाईंनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या ते. सही घ्या म्हणावं, मिरवा. सायली पोरी, तू वाच. माझ्या बापाचं नाव कुठं हाय, तितं माझं बोट ठिव."