फोन समोरच्यानं ठेवायचा असतो

हे खरं घडलंय. माझ्या डोळ्यांदेखत, भर उन्हात. नावं तेवढी बदलली आहेत.

आधीच सांगते, आम्ही भूतखेत मानणाऱ्या घरातले नाही. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, बाकी अंगारे-धुपारे काही नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे 'उन्हानं भास झाला असेल' हे मला कृपया कुणी समजावू नका. तो प्रयत्न मी स्वतःच अनेक वर्षं करून बसलेय.

२००५ चा मे महिना. रविवार. डोंगराचं नाव सांगणार नाही. नाहीतर हे वाचणारे निम्मे लोक पुढच्या रविवारी मुद्दाम तिथं जातील.

माझा धाकटा भाऊ प्रज्ञेश तेव्हा हडपसरच्या एका कॉल सेंटरमध्ये होता. कायमची रात्रपाळी. अमेरिकेतल्या लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि दिवसा झोपायचं. सहा महिन्यांत पोरानं धड ऊन पाहिलं नव्हतं. चेहरा पांढराफटक, जेवताना गप्प. आई रडकुंडीला आली होती. म्हणून मीच त्याला बाहेर ओढून काढलं. "सुखरूप आणते परत," असं आईला सांगून.

"ताई, मेमध्ये ट्रेक? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुझ्यापेक्षा बरं आहे. चल."

साडेअकराला आम्ही शेवटच्या चढावर होतो. वर कडा, खाली दरी, आणि मधे आम्ही दोघंच. करवंदाच्या जाळीत भुंगे घुमत होते.

मी पाण्याची बाटली काढायला थांबले.

आणि भुंगे थांबले…

वाराही पडला.

मग वरून हाक आली…

"स्टीव्हन…"

बाईचा आवाज. शांत, अगदी सभ्य.

मला हसू आलं. "इथं कुठला गोरा आला कडमडायला?"

प्रज्ञेश हसला नाही.

"ताई… ते माझं नाव आहे. ऑफिसमधलं. गोऱ्यांना प्रज्ञेश म्हणता येत नाही म्हणून दिलंय. पण मी ते घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही."

"स्टीव्हन…"

या वेळी जवळून.

आणि माझ्या भावाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं…

"येस मॅम, हाउ मे आय हेल्प यू?"

रोज रात्री शंभर वेळा म्हणायचं वाक्य. काय बोललो हे त्याला कळायच्या आत ते बोलून झालं होतं.

त्याचा हात कानाशी गेला. हातात काहीच नव्हतं. मोबाईल सॅकमध्ये होता आणि रेंज तर पायथ्यालाच गेली होती.

"हो मॅम… ऐकतोय…"

मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. फक्त याची उत्तरं.

"हो, एकच बहीण… मोठी… इथंच उभी आहे… नाही मॅम, आम्ही इथं आलोय हे घरी कुणालाच माहीत नाही."

ते खरं होतं. आईनं काळजी करू नये म्हणून मी तिला सिंहगड सांगितलं होतं.

तो चालायला लागला. वाट सोडून, कड्याच्या टोकाकडे.

"प्रज्ञेश, पुरे झाली नाटकं! ठेव तो फोन!"

त्यानं वळून पाहिलं. घाम डोळ्यांत उतरत होता, तरी पापणी लवत नव्हती.

"मला ठेवता येत नाही ताई. नियम आहे. समोरच्यानं ठेवायचा असतो."

मी त्याचा शर्ट धरला, मग कंबर धरली. काडीसारखा माझा भाऊ, पण मला फरपटत नेत होता. माझे पाय मुरमावरून घसरत होते. टोक दहा पावलांवर… मग पाच…

तो थांबला.

"एक मिनिट मॅम, तिलाच विचारतो." आणि माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाला, "ताई, ती विचारतेय… तिच्याकडे तू जातेस, की मीच जाऊ?"

मी प्रचंड घाबरले होते. पण त्याहून जास्त मला राग आला होता. आणि त्या रागात एक गोष्ट आठवली. हा घरी कुरकुरायचा, एखादं गिऱ्हाईक फारच डोक्यावर बसलं की फोन सुपरवायझरकडे द्यायचा. मग आपण सुटलो.

"तिला सांग, सुपरवायझर बोलतेय. जे काय असेल ते यापुढं माझ्याशी."

तो बराच वेळ ऐकत राहिला.

मग हसला. "थँक यू मॅम. कॉल ट्रान्सफर करतोय."

हात खाली आला. तो मटकन बसला.

"ताई, पाणी दे ना. किती राहिलं अजून?"

त्याला काहीही आठवत नव्हतं. जाळीत भुंगे पुन्हा घुमायला लागले होते.

पायथ्याला सोनबा नावाचे म्हातारे ताक विकायला बसायचे. प्रज्ञेश तोंड धुवायला गेला तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "वर हाक आली व्हय?"

"आली."

"ओ कुनी दिली?"

"आधी त्यानं. मग मी."

म्हाताऱ्यानं हातातला ताकाचा पेला खाली ठेवला. "तू कशापायी मधी पडलीस गं पोरी?"



प्रज्ञेशनं महिन्याभरात ती नोकरी सोडली. आता वारज्यात राहतो. बायको, दोन मुलं, सुटलेलं पोट. त्या दिवशी काय घडलं ते मी त्याला सांगितलं होतं, त्यावरून सगळ्यांसमोर मलाच चिडवतो, "आमच्या ताईला ऊन लागलं होतं." मीही हसते.

पण दर मे महिन्यात, असाच एखादा रविवार येतो. साडेअकराच्या सुमाराला पंखा फिरत असतो, पण त्याचा आवाज येईनासा होतो. रस्त्यावरच्या गाड्यांचाही…

आणि माझ्या उजव्या कानाशी कुणीतरी येऊन थांबतं.

बोलत काहीच नाही. नुसता श्वास. मी बोलायची वाट बघत असतं.

पहिल्या वर्षी ती मिनिटभर थांबली होती. यंदा पाऊण तास. चुकून 'हं' सुद्धा निघू नये म्हणून मी तोंडात ओढणी कोंबून बसले होते.

प्रज्ञेशला या दर मेमधल्या श्वासाबद्दल मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो चिडवणार नाही, हे मला माहीत आहे. तो सरळ त्या डोंगरावर जाईल आणि माझ्याकडे आलेला तो फोन परत मागून घेईल.