पुसलेली सावली

"हे काय करून ठेवलंस तू?" ताईचा आवाज एवढा चढला, की स्वयंपाकघरातून आई ओल्या हातांनीच धावत आली.

धाकट्या भावाच्या हातात टॅब होता. जुने फोटो टाकायचे, त्यांवर आपल्या आवाजात बोलायचं, की आपली गोष्ट तयार... असं सोपं साधन त्यानं बनवलं होतं आणि नमुना म्हणून स्वतःच्याच घराची गोष्ट रचली होती. आई होती, बाबा होते, तो स्वतः होता. ताई कुठेच नव्हती!

"अगं, फोटो तूच काढायचीस ना? मग तू कशी दिसणार?"

"माझी सावली होती त्यात!"

उन्हाकडे पाठ करून फोटो काढायची तिची जुनी सवय. फोटोच्या खालच्या कडेला तिची लांब सावली हमखास पडायचीच. आता तिथे नुसतं कोरं अंगण दिसत होतं.

"डाग आपोआप पुसले जातात गं. चित्र स्वच्छ दिसतं..."

"डाग?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा गेले तेव्हा चित्रकलेचं कॉलेज सोडून ती फोटो स्टुडिओत उभी राहिली, परक्या माणसांना 'मान जरा वर करा' म्हणत तिनं उमेदीची सगळी वर्षं घालवली, ती ह्याला शिकता यावं म्हणून! आणि शिकून-सवरून ह्या दिवट्यानं बनवलं काय, तर सख्ख्या बहिणीलाच पुसून टाकणारं यंत्र! इतकी वर्षं आतल्या आत गिळलेला संताप आज उफाळून आला...

"जा, दाखव लोकांना! सांग, आमच्या घरात तिघंच होती!"

"ताई, खरंच माझ्या लक्षात नाही आलं..."

"तेच तर म्हणतेय मी!"

आईनं टॅब ओढून घेतला. एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन ती बघत राहिली.

"मला सांग रे," ती हळूच म्हणाली, "ह्यात आपण सगळे कुणाकडे बघून हसतोय?"

भाऊ पाहू लागला. प्रत्येक फोटोत सगळ्यांची नजर एकाच जागी लागली होती...

"ताईकडे."

"आणि मी आई असून..." आईला हुंदका आवरेना. "कॉलेज सोडलंस तेव्हा रडलीस का गं, एवढंसुद्धा कधी विचारलं नाही मी!"

ताईचा राग अजून धुमसतच होता.

"माझा आवाज काढून टाकतो," भाऊ म्हणाला. "ही गोष्ट तू सांग."

"मी गोडगोड बोलणार नाही."

"नको बोलूस."

"मधे तोंड घालायचं नाही."

त्यानं मान डोलावली. ताईनं खुर्ची पुढे ओढली, टॅबवरचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि आईच्या डोळ्यांत बघत म्हणाली,

"रडले होते गं आई. स्टुडिओतल्या पडद्यामागे... रोज!"