दुसऱ्या ओळीतले हत्ती

हकीम सरजीसनं प्रेताच्या मानेवरचा हात काढला.  खाली गल्लीत शतरंजला पाप मानणारा जमाव दारावर लाठ्या आपटत होता.

"शतरंजवाल्यांना बाहेर काढा!"

"वहिनी, निघू या इथून," तो कुजबुजला.

आतिका त्याच्या दिवंगत मित्राची बायको. चोरी असो की खून, बगदादचा हा अख्खा मोहल्ला तिच्याकडे धावायचा. आज सकाळी शतरंज शिकवणाऱ्या उस्ताद हुबैशच्या मुलीनं, रैहानानं, बाप मेलेला पाहून गच्चीवरून हाक मारली आणि दोघं शेजारच्या गच्चीवरून इथं उतरले.

आतिका उस्तादांच्या पुढ्यातला कातडी पट निरखत होती. अर्धा डाव झालेला. सोंगट्या आपापल्या घरात नीट उभ्या. उस्तादांचे दोन्ही लाल हत्ती दुसऱ्या ओळीत, राजाच्या पुढे. तिनं एक हत्ती उचलला. खालच्या घरावर रक्ताचा थेंब वाळला होता. हत्तीवर मात्र डाग नव्हता.

"मागून डोक्यात बत्ता घातलाय," सरजीस म्हणाला.

"गच्चीचं दार, खालचं दार, दोन्हींना आतून अडसर होता. म्हणजे घरातल्या तिघांपैकीच कुणीतरी."

आतिकानं एकेकाला बोलावलं. पहिला आला लेओन. रूमी, म्हणजे पश्चिमेच्या ख्रिस्ती मुलखातला युद्धकैदी; उस्तादांनी त्याला सोडवून शिष्य केलं होतं. ओठ पांढरे पडले होते.

"मी अंगणात पाणी शेंदत होतो, बाई. देवाशपथ!"

"हत्ती कसा चालतो रे?"

तो गोंधळला. "तिरका. मधलं घर ओलांडून उडी मारतो. इथल्या शतरंजात तीच त्याची चाल. माझ्या मुलखात हा खेळ कुणाला ठाऊक नाही. मी नेणार होतो तिकडे."

"लोक दार फोडतायत आणि तुम्ही खेळ कसला शिकताय!" सरजीस कळवळला.

रैहानाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती भीती होती. "चालायला लागायच्या आधी मी सोंगट्या मांडायला शिकले. बाबा काल जेवलेच नाहीत. ज्यांची ज्यांची घरं या लोकांनी जाळली, ते सगळे आमच्याकडे चोरून खेळायला यायचे. 'नावं आपल्याच घरातून जातायत,' एवढंच म्हणाले."

शेवटी उस्तादांचा धाकटा भाऊ मुफर्रिज, हातात जपमाळ.

"लेओनच! पहाटे दोघं डाव मांडून बसलेले मी पाहिलं. हरायला लागला, डोकं फिरलं. त्याला खालच्या लोकांच्या हवाली करा, आपण वाचू."

"तुम्ही खेळता?"

"तौबा! या पापाला मी जन्मात बोट लावलेलं नाही."

दाराची एक फळी कडाडली. आतिकानं तिघांनाही पटाजवळ बोलावलं.

"डाव खुनानंतर मांडलाय," ती म्हणाली. "थेंब हत्तीच्या बुडाखाली वाळला. हत्ती आधीपासून तिथं असता तर रक्त त्याच्यावर उडालं असतं."

"मग लेओननंच मांडला!" मुफर्रिज ओरडला.

"स्वतःच्याच गळ्यात फास अडकवायला? आणि हत्ती दर उडीला दोन ओळी पुढं जातो, नाहीतर दोन ओळी मागं. पहिल्या ओळीतून निघालेला तिसरीत पडेल, पाचवीत पडेल. दुसरीत कधीच येणार नाही. लेओन अशी चूक करायचा नाही, रैहाना तर झोपेतसुद्धा नाही. या घरात हत्तीची चाल न येणारे तुम्ही एकटेच. नावं कोण देतं, हे भावानं ओळखलं ना?"

मुफर्रिज हसला. 

"ओळखलं. आता काय कराल? खाली माझीच माणसं आहेत."

तो जिना उतरू लागला.

"दार उघडू नका!" आतिका ओरडली. "ते चेहऱ्यानं ओळखतात तुम्हाला?"

"त्यांचा म्होरक्या ओळखतो."

"तो आलाय का पण?"

मुफर्रिजनं खालच्या दाराला कान लावला. मग त्यानं अडसर काढला.

"अरे, मी तुमचा—"

पुढचे शब्द लाठ्यांखाली चिरडले.

लेओननं गच्चीचं दार ढकललं. रैहानानं ओढणी काढून बापाचं तोंड झाकलं. आतिकानं तिला ओढतच वर नेलं.

सरजीस सगळ्यात मागं होता. खाली मुफर्रिज अजून कण्हत होता. औषधांची पिशवी सरजीसच्या खांद्यावरच होती. त्यानं ती घट्ट धरली, गच्चीवर पाऊल टाकलं आणि बाहेरून कडी घातली.