उसनं जाकीट

मालवणच्या बाजारात भाद्रपदाच्या उन्हात कुणी लोकरीचे मोजे मागितले, तर दुकानदाराने काय करावं? गुरुदासने आधी संचिताकडे पाहिलं, मग बाहेर तापलेल्या रस्त्याकडे, आणि पुन्हा संचिताकडे.

"लोकरीचे? अगो बाय, हयसर लोक बनियन घालूक कंटाळतत!"

दुकानात खसखस पिकली. संचिता बागवे मात्र हसली नाही. हातातला कागद तिने पुन्हा एकदा वाचला. आठ दिवसांनी तिला आयर्लंडमधल्या गॉलवेला जायचं होतं. मसुऱ्याच्या खाडीत ती बायकांच्या गटासोबत कालवांची शेती करायची. त्याच कामाच्या सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी जिल्ह्यातून तिची एकटीची निवड झाली होती. तिकडून आलेल्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं, या दिवसांत हवामानाचा भरवसा नाही; ऊन, पाऊस, वारा, थंडी, सगळ्याची तयारी ठेवा.

"आणि छत्री तर न्हेवच नकात," मागून कुणीतरी म्हणालं. "गॉलवेचो वारो आधी छत्री उलटी करता, मगे माणसाक."

संचिता गर्रकन वळली. दाराशी एक उंच, सावळा तरुण उभा होता. उन्हातच सर आली असावी, कारण त्याच्या केसांवर पाण्याचे थेंब चमकत होते.

"मी गॉलवेला जाणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने शुद्ध मराठीत विचारलं. अनोळखी माणसाशी ती मुद्दाम अशीच बोलायची. अंतर राहतं.

"कुणी कशाक सांगूक होया? कागदार लिवला आसा. केवढ्या मोठ्या अक्षरांत..."

तिने कागदाची झटकन घडी घातली. दुसऱ्याच्या हातातला कागद खांद्यावरून वाचणारा माणूस... हा काय सरळ असणार?

संचिताचा स्वभावच तसा होता. कालवं काढताना ती प्रत्येक शिंपला दुसऱ्यावर ठोकून पाहायची. पोकळ वाजला की मेलेला, टाकून द्यायचा. माणसांनाही ती तशीच ठोकून पाहायची. त्यात तिच्या चुलतभावाला, निलेशला, परदेशी नोकरीच्या नावाखाली एका एजंटाने मुंबईच्या विमानतळापर्यंत नेऊन वाऱ्यावर सोडलं होतं. तेव्हापासून तर ती ताकसुद्धा फुंकून पीत होती.

बाहेर पाऊस कोसळायला लागला आणि दोघांनाही दुकानाच्या पडवीत थांबावं लागलं. तो दत्तप्रसाद तांडेल. मालवाहू जहाजावर काम करायचा, रजेवर घरी आला होता.

"जाड स्वेटर एकच घेव नकात. पातळ कपडे तीन, एकावर एक. कांद्यासारखे. ऊन पडला की एक सोलूचा, वारो सुटलो की परत चढवूचा."

"आणि पाऊस आला की?"

"त्याका मातर खरा जाकीट होया. ता हयसर गावूचा नाय." तो जरा थांबला. "माझ्याकडे आसा. देतंय."

"किती घ्याल?"

"विकूचा नाय. उसना."

"ओळख ना देख, आणि उसनं?"

"उसना घेतल्यार ओळख होता..." तो हसला. हसताना त्याचा एक दात थोडा पुढे दिसत होता, आणि ते तिला उगाचच आवडलं. मग आवडलं याचाच तिला संशय आला.

तरी जाकीट तिने घेतलं, कारण दुसरा इलाज नव्हता. पितृपक्ष चालू होता. मोज्यांसारखं किरकोळ सोडलं, तर या दिवसांत घरात नवी वस्तू आणायची नाही, असं तिच्या आईने, सुगंधाबाईंनी, बजावलं होतं. उसन्याला मात्र पितृपक्ष आडवा येत नव्हता. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर दत्तप्रसादने पिशवी तिच्या हातात दिली. गडद निळं, जड जाकीट होतं.

"दोन गोष्टी," तो म्हणाला. "बॅगेत भरू नकात, वजन जाता. विमानात अंगार घालूनच बसा. आणि धुवू नकात."

"का?"

"धुतल्यार पाणी आत शिरता."

एसटी सुटली तेव्हा तो स्टँडवरच उभा होता. तिने मागे वळून पाहिलं नाही... म्हणजे, एकदाच पाहिलं.

घरी तयारीचा नुसता सावळागोंधळ होता. सकाळी ऊन बघून कपडे दोरीवर घालावेत, तर दुपारी गडगडाट. चार दिवस तेच पाच सदरे वाळेनात, आणि बॅगेला बुरशी आली ती वेगळीच. सुगंधाबाई कुळथाचं पीठ नि मसाल्याची पाकिटं बॅगेत घालत होत्या, संचिता ती बाहेर काढत होती. मधेच फोनवर दत्तप्रसादचा मेसेज यायचा; जाकीट देताना त्याने नंबर घेतला होता.

'मसुऱ्यात ऊन की पाऊस?'

'दोन्ही.'

'मगे तुमचो सराव चालू झालो. मोज्यांचे जोड कितके घेतलात?'

'तीन.'

'सात घेवा. पाय थंड पडले की माणसाक घरची आठवण येता.'

ती ओठ दाबून हसायची आणि लगेच मनाला टोकायची. या माणसाला आपल्या मोज्यांची एवढी काळजी कशाला? मैत्रिणीला, पूजाला, तिने हे सांगितलं तेव्हा पूजा म्हणाली, "अगो, आवडलंस तू तेका!" संचिता म्हणाली, "एजंट पण असाच गोड बोलतत."

निघायला तीन दिवस उरले होते. जाकिटालाही बुरशी लागली की काय ते पाहायला तिने ते उलटं केलं, आणि डाव्या बाजूला, छातीपाशी, अस्तराखाली तिच्या बोटांना काहीतरी लागलं. छोटंसं, चपटं. तिथली शिवण बाकीच्या शिवणीसारखी नव्हती. जाड लाल दोऱ्याने, हाताने घातलेले टाके होते.

तिने ब्लेडने टाके कापले. आत प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली पुडी होती आणि पुडीत करडी, बारीक पूड.

संचिताने पुडी हातातून खाली ठेवली. बॅगेत भरू नका... अंगावर घालूनच बसा... धुऊ नका... सगळे शब्द एकामागून एक उलगडत गेले, आणि प्रत्येकाचा अर्थ आता निराळा होता. कुणाचंही सामान सोबत आणू नका, असं यादीत मोठ्या अक्षरांत होतं. विमानतळावर पकडली गेली असती तर? निवड गेली असती, अब्रू गेली असती, आणि गटातल्या वीस बायकांनी तिच्याकडून शिकायची जी आस धरली होती, तीही गेली असती. भीतीपेक्षाही दुसरंच काहीतरी जास्त दुखलं. तो दात पुढे असलेला हसरा चेहरा खोटा निघाला होता.

पोलिसांकडे जायच्या आधी तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मिळेल ती एसटी धरून ती मालवणला आली. गुरुदासला विचारत विचारत धुरीवाड्यातलं घर गाठलं. दत्तप्रसाद अंगणात पालथ्या घातलेल्या होडीचा जुना रंग खरवडत होता. तिला पाहून तो उजळला.

"तुमी? हयसर?"

तिने पुडी होडीवर आपटली. "ह्या काय आसा?"

"तुमका मालवणी येता?" तो चकित झाला.

"विषय बदलू नको! तुझ्या जाकिटाच्या अस्तरात गावला. म्हणान अंगार घालूक सांगलंस? म्हणान धुवूक नको? माका काय खुळी समाजलंस?"

त्याने पुडीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. आधी त्याने तिच्या हातातलं जाकीट घेतलं. अस्तर उलटं करून कापलेल्या लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"हो दोरो आयेचो," तो हळूच म्हणाला. "अबोलीचे वळेसर ओवायची ह्या दोऱ्यान."

"कशावरून?" संचिताने विचारलं. पण तिचा आवाज मघासारखा राहिला नव्हता.

त्याने पुडी सावकाश उलगडली. पुडीच्या तळाशी कागदाचा एक चतकोर होता, घडी घातलेला. तो उघडून त्याने पाहिला आणि तिच्यापुढे धरला. "तू वाच. माका दिसना नाय."

पेन्सिलीची वेडीवाकडी अक्षरं होती. संचिताने वाचलं, "भराडी आई, माझ्या झिलाक पाण्यात सांभाळ. तो हसतलो म्हणान तेका सांगूक नाय."

भराडी आई म्हणजे तिच्याच गावची देवी. तिच्याच जत्रेतला अंगारा. लहानपणापासून शंभरदा कपाळाला लावलेली राख तिला ओळखता आली नव्हती.

"दोन वर्षां झाली आयेक जावन," दत्तप्रसाद म्हणाला. "मी समुद्रात होतंय. पावलंय नाय. दर खेपेक सांगायची, ता जाकीट सोडू नको. माका वाटायचा, थंडीसाठी सांगता..."

संचिता होडीच्या कडेवर बसली. "मी ते टाके कापले," ती पुटपुटली. "आणि माका वाटला..."

"काय वाटला?"

"सांगूक लाज वाटता."

त्याने राखेकडे पाहिलं, तिच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं. डोळ्यांत पाणी असतानाच तो हसायला लागला. "माझी आये! अमली पदार्थ शिवणारी!" संचितालाही हसू फुटलं, आणि हसता हसता रडू.

मग तिने ते विचारलं, जे तिला इतके दिवस टोचत होतं. "आयेची येवढी आठवण, आणि एका अनोळखी बाईक देवन मोकळो झालंस. कित्याक?"

"खरा सांगू?"

"खोटा सांगलंस तर माका कळतला."

"विकत दिला तर माणूस पैसे देवन जाता." तो होडीकडे बघत बोलत होता. "उसना दिला की... परत करूक येवचा लागता. दुकानात तू वळलंस ना, तेव्हाच माका वाटला, ह्या चेडवान परत येवक होया."

आभाळ भरून आलं होतं, पण ऊन अजून होडीवर होतं. संचिताने त्याच्याकडून सुई-दोरा मागून घेतला, पुडी पहिल्यासारखी बांधली आणि अंगणातच बसून एकेक टाका घालायला लागली. घराच्या देव्हाऱ्यात ठेव, असं ती म्हणाली होती, पण तोच म्हणाला, "आता पाण्यापलीकडे तू चललंस. तुका होया." पुडी बांधताना चिमूटभर राख त्याच्या बोटावर राहिली होती. "लावू?" त्याने विचारलं. तिने मान किंचित पुढे केली. त्याचं बोट कपाळाला लागलं, आणि सुई तिच्या हातात तशीच थांबली.

परतीच्या एसटीत तिला कळलं, संशय काही गेला नव्हता. त्याने फक्त जागा बदलली होती. हे खरं आहे की दोन दिवसांचं पावसाळी खूळ? आता ती स्वतःलाच ठोकून पाहत होती.

निघायच्या दिवशी भिकाजीमामांची गाडी होती. कुडाळपर्यंत काचेतून रस्ता दिसत नव्हता, सावंतवाडीला झिमझिम, आणि बांद्याला पोचेपर्यंत लख्ख ऊन. विमानतळ तिथून जवळच. बांद्याला चहाला थांबणार, एवढंच तिने दत्तप्रसादला आधी कळवलं होतं. चहासाठी मामांनी गाडी थांबवली, आणि सगळी हॉटेलच्या बाकड्यावर बसली. समोरच, मोटारसायकलला टेकून, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला दत्तप्रसाद उभा होता.

संचिताने कप खाली ठेवला. पण सुगंधाबाईंची नजर तिच्याही आधी पोचली.

"हो कोण गो? आमच्याकडे कित्याक बघता?"

दत्तप्रसाद पुढे आला. "नमस्कार. मी... हयसून जाय होतंय. बांद्याच्या बाजारात काम होता."

"आज बाजाराचो वार नाय," सुगंधाबाई थंडपणे म्हणाल्या.

तो गडबडला. भिकाजीमामा चहाच्या कपात बघू लागले. संचिताला गप्प राहता आलं असतं. आजवर तिने कुणासाठी शब्द टाकला नव्हता.

"आये, तेका मी बोलावलंय," ती म्हणाली. मग तिनेच मान हलवली. "नाय, ता खोटा. बोलावक नाय. पण तो येतलो असा माका वाटत होता. इलो नसतो तर... माका जावकच झाला नसता."

दत्तप्रसाद तिच्याकडे बघतच राहिला. सुगंधाबाईंनी लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग त्याला, आणि बाकड्यावर थोडं सरकल्या.

"बस रे. भिजलंस कितको... घराक कोण कोण आसा?"

"बापूस नि मी."

"रांदता कोण?"

"मी."

"काय येता?"

"माशे. सोलकढी. भाकरी वाकडी होता."

सुगंधाबाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. नंतर गाडीपर्यंतची वीस पावलं फक्त त्या दोघांना मिळाली.

"तुळशीच्या लग्नाक मी घराक आसतलंय," संचिता म्हणाली.

"मगे येव मी?"

"एकटो येव नको. मोठ्या माणसांका घेवन ये."

त्याने मान डोलावून गाडीचं दार उघडून धरलं. गाडी सुटली तसा पुन्हा पाऊस सुरू झाला. मागच्या काचेत तो लहान होत गेला, तरी हलला नाही.

बऱ्याच वेळाने पुढच्या सीटवरून सुगंधाबाई बोलल्या, "दिसाक बरो आसा. पण माका अजून पटाक नाय हां. सहा आठवडे आसत. मालवणात जावन सगळी चौकशी करतंय."

"कर, आये," संचिता डोळे पुसत म्हणाली. "नीट कर. माका तो होयो आसा."