कासवाचा शंभरावा हिस्सा

माडवेळच्या किनाऱ्यावरचं त्या हंगामातलं शेवटचं घरटं सोमवारी दुपारी साडेचारला फुटलं. हिशेबानं ते मंगळवारी फुटायला हवं होतं.

आधी घरट्यावर उपड्या घातलेल्या वेताच्या टोपलीखालची वाळू वाटीसारखी खचली. मग त्या वाटीत एक काळं नाक वर आलं, त्याच्या शेजारी दुसरं, आणि बघता बघता सगळी वाळूच वळवळू लागली. मैथिली तांडेल गुडघ्यांवर बसून बघत होती. गेले त्रेपन्न दिवस ती या क्षणाची वाट बघत होती, आणि आता तो आल्यावर ती पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत होती.

"एकशे सतरा," शेजारून कुर्ली म्हणाली. "सगळी जिवंत. वाळू तापलेली असली की अंडी लवकर उबतात, म्हणून एक दिवस आधी. राखणदार, आपल्यापुढे एक अडचण आहे."

कुर्ली म्हणजे सहा पायांचं, बुटकं, राखाडी यंत्र. ते तिरकं चालायचं, म्हणून गावातल्या मुलांनी त्याला खेकड्याचं नाव दिलं होतं. खरी कुर्ली कासवाची पिल्लं मटकावते, आणि ही रात्रंदिवस त्यांची राखण करायची. मैथिलीच्या आजोला, म्हणजे आजोबांना, हा विनोद चार वर्षं पुरला होता.

राखणदार म्हणजे खुद्द मैथिली. माडवेळमध्ये समुद्री कासवांची अंडी जाळीच्या कुंपणात आणून पुरतात आणि घरटी आळीपाळीनं राखतात. ज्या घराची पाळी, त्या घरानं एक राखणदार नेमायचा. पिल्लं कधी सोडायची हे राखणदार ठरवतो. त्यात सरपंच बोलत नाही की शास्त्रज्ञ बोलत नाहीत. आजोचे गुडघे दुखत होते, म्हणून यंदा तांडेलांच्या घरातून बारा वर्षांची मैथिली.

"अडचण मला माहीत आहे," मैथिली म्हणाली.

अडचणीचं नाव भाग्यश्री माळी. जत तालुक्यातली एक शाळा, तिच्या सातवीतली तेवीस मुलं, आणि त्यांच्या वतीनं दोन वर्षं मैथिलीशी फोनवर बोलणारी भाग्यश्री. त्या तेविसांतल्या एकानंही समुद्र पाहिला नव्हता. आज संध्याकाळी त्यांची बस येणार होती. मैथिलीनं सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "तुम्ही आल्याशिवाय मी एकही पिल्लू सोडणार नाही. शब्द देते."

आणि आता घाटात एक ट्रक आडवा झाला होता. बस त्याच्यामागे अडकली होती.

"सूर्य पावणेसातला मावळेल," कुर्ली सांगू लागली. "त्याआधी सोडली तर घारी उचलतील. मावळताच सोडणं सर्वांत चांगलं. बस पावणेनऊच्या आधी पोहोचत नाही. म्हणजे दोन तास जास्त थांबावं लागेल. पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या बलकाचा थोडा साठा उरलेला असतो. खोल समुद्र गाठेपर्यंत त्याला तेवढ्यावरच पोहायचं असतं. टोपलीखाली ती स्वस्थ बसत नाहीत, हातपाय मारत राहतात आणि साठा वाया जातो. मी तिन्ही सल्लागारांना विचारलं. त्यांचं एकमत होत नाही. एकमत नसलं की मी निर्णय घेत नाही. तो राखणदारानं घ्यायचा."

"तीन सल्लागार? तुझ्या आत?"

"विद्याताईंना विचार."

विद्याताई म्हणजे मैथिलीची आत्या. ती समुद्रशास्त्रज्ञ होती आणि त्या वेळी सर्वेक्षणाच्या बोटीवर होती. फोन लागला तेव्हा मागे इंजिनाची धडधड ऐकू येत होती.

"कुर्ली बनवताना आम्ही तिघं होतो," आत्या मोठ्यानं बोलत म्हणाली. "चांगलं काय आणि वाईट काय, हे यंत्राला शिकवायचं होतं. तिघांची तीन मतं! पंधरा दिवस भांडलो. एकमेकांचा चहा बंद केला. शेवटी तिघांचेही विचार तिच्यात घातले. घोळ झालाय का काही?"

मैथिलीनं सगळं सांगितलं.

"अरे वा," आत्या म्हणाली.

"आत्या, अरे वा काय! माझी वाट लागली आहे."

"हो गं, पण प्रश्न सुरेख आहे. पहिल्याला बोलू दे."

"पहिला सल्लागार परिणामवादी आहे," कुर्ली म्हणाली. "परिणामवाद (कृती चांगली की वाईट हे तिच्यातून काय निष्पन्न होतं त्यावरून ठरवणारा विचार) सांगतो, जे केल्यानं सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त भलं होईल ते कर. हजार पिल्लांतलं साधारण एक मोठं होतं. म्हणजे एकशे सतरा पिल्लांतून कासवाचा जेमतेम नववा हिस्सा. दोन तास थांबलो तर, माझ्या अंदाजानं, त्यातला दहावा भाग कमी होईल. एकूण नुकसान, एका कासवाचा साधारण शंभरावा हिस्सा. उलट बाजूला तेवीस मुलांचा आनंद. त्यांतली काही पुढे समुद्र जपतील. पहिला सल्लागार म्हणतो, थांब."

मैथिली चकित झाली. यंत्र कासवांच्या बाजूनं बोलेल अशी तिची खात्री होती.

"शंभरावा हिस्सा म्हणजे काय? शेपूट?"

बोटीवर आत्या खदखदून हसली. "आम्हीही त्याला हेच विचारलं होतं. पण त्याचं सगळं हसण्यावारी नेऊ नकोस. परिणामांकडे डोळेझाक करून कोणाचं भलं होत नाही. रोग्याला औषध देताना डॉक्टर हेच बघतात. फक्त तो हिशेब मांडतो तेव्हा विचारायचं, काय काय मोजलंस? आणि काय मोजायचं राहिलं?"

मैथिलीनं टोपलीकडे पाहिलं. एक पिल्लू वेताच्या कडेला नाक लावून सारखं ढकलत होतं. समुद्र नेमका त्याच दिशेला होता.

"याचं थकणं कोणत्या रकान्यात लिहिलंस?"

"त्यासाठी माझ्याकडे माप नाही," कुर्लीनं सरळ सांगितलं. "म्हणून शून्य धरलं."

"दुसरा काय म्हणतो?"

"दुसरा कर्तव्यवादी. कर्तव्यवाद (परिणाम काहीही होवोत, काही गोष्टी करणं बंधनकारकच असतं आणि काही करता येतच नाहीत, असं मानणारा विचार). त्याची एक कसोटी आहे. तू जे करणार आहेस ते सगळ्यांनीच केलं तर चालेल का? दिलेला शब्द अडचण आली की सगळेच मोडू लागले तर शब्दाला अर्थ राहणार नाही. म्हणून शब्द पाळ, थांब."

"म्हणजे दोघंही थांबच म्हणतात!"

"नाही. दुसऱ्याचं बोलणं संपलेलं नाही. प्रत्येक राखणदार पाहुण्यांसाठी पिल्लं रोखू लागला तर राखण राहील का? राखणदारानं पिल्लांचा खेळ मांडायचा नसतो. म्हणून सोड. दुसरा सल्लागार स्वतःशीच अडून बसला आहे."

मैथिली वाळूवर मागे टेकली. पाच वाजून गेले होते. भाग्यश्रीला आता काय वाटत असेल? ती दर आठवड्याला विचारायची, वाळू पायाला चिकटते का, लाट आली की कानात आवाज राहतो का. एवढे पैसे जमवून, एवढ्या लांबून येऊन त्यांना नुसती रिकामी टोपली दाखवायची?

मग तिच्या डोक्यात एक सोपी युक्ती आली. ती इतकी सोपी होती की मैथिलीनं ती हळू आवाजात सांगितली.

"कुर्ली, वेळेवर सोडली, आणि बस आल्यावर सांगितलं की पिल्लं काल रात्रीच आपोआप निघून गेली, तर?"

"पहिल्या सल्लागाराला चालेल," कुर्ली लगेच म्हणाली. "खोटं उघडं पडण्याची शक्यता कमी आहे. पिल्लं वाचतील, मुलांना थोडंच वाईट वाटेल, तुझ्यावर कोणी रागावणार नाही. दुसरा स्पष्ट नाही म्हणतो."

"आणि तिसरा? तिसरा अजून बोललाच नाही."

"तिसरा सद्गुणवादी. सद्गुणवाद (काय करावं यापेक्षा आपण कसं माणूस व्हावं याचा विचार आधी करणारी पद्धत). तो उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो. आत्ता त्याचा प्रश्न असा आहे की, हे सांगताना तुझा आवाज बारीक का झाला?"

मैथिलीचे कान तापले.

"हा तिसरा आगाऊ आहे," ती पुटपुटली.

"तो माझा," आत्या म्हणाली. "त्याच्यावरूनच माझा चहा बंद झाला होता. मैथिली, तुझ्या ओळखीतला सगळ्यांत चांगला राखणदार कोण?"

"आजो."

"तो या जागी असता तर त्यानं काय केलं असतं?"

मैथिली विचार करू लागली. आजो कधी कोणापासून काही लपवायचा नाही. मासे कमी निघाले तर बाजारात तसं तोंडावर सांगायचा. एकदा त्यानं शेजाऱ्याला होडी द्यायचं कबूल केलं होतं आणि नेमकी त्या दिवशी होडीच्या फळीला भेग दिसली. आजो तसाच चालत शेजाऱ्याच्या घरी गेला आणि म्हणाला, "तुका दिलेलो शबुद तुझ्याकडेच हा. आता तूच सांग, काय करूया?"

तुझ्याकडेच. मैथिली ताडकन उठली.

"कुर्ली! मी शब्द दिला म्हणजे तो आता माझा नाही ना? तो भाग्यश्रीचा झाला. मी तो मोडू शकत नाही, पण ती मला त्यातून मोकळं करू शकते!"

कुर्लीचे सहाही पाय जागच्या जागी थांबले. "दुसरा सल्लागार म्हणतो, हे बरोबर आहे. त्याची एक बाजू सुटली."

"अजून सुटली नाही. तिला विचारायचं आहे."

हे मात्र सोपं नव्हतं. आत्याचा फोन ठेवून तिनं भाग्यश्रीला लावला; घाटात जेमतेम आवाजापुरती रेंज होती. भाग्यश्रीनं पहिल्या घंटीला फोन उचलला.

"मैथिली! आमी अजून हितंच हाय. सरांनी केळी वाटली. तू थांबवलीस न्हवं पिल्लं?"

मैथिलीला क्षणभर फोन ठेवून द्यावासा वाटला. पण तिनं सगळं सांगितलं, काहीही न वगळता. घरटं आधी फुटलं ते, थकणाऱ्या पिल्लांचं, शंभराव्या हिश्श्याचं. तिनं खोटं बोलायची युक्ती काढली होती तेसुद्धा.

पलीकडे बसमधल्या गलक्यात भाग्यश्रीनं कोणाला तरी गप्प बसवलं.

"तू शब्द दिलतास," भाग्यश्री म्हणाली.

"हो."

"कासवं काय तुझं ऐकून बाहेर येत्यात व्हय? कशाला दिलास मग?"

"चुकलं माझं. जे माझ्या हातात नव्हतं त्याचा शब्द दिला."

मग भाग्यश्रीनं विचारलं, "किती हायत?"

"एकशे सतरा. एक तर सारखं ढकलतंय."

"आमच्या शेळीचं करडू असंच करतंय. दार उघडंस्तोवर डोकं मारतंय." तिनं नाक ओढलं. "थांब, सगळ्यांना इचारते."

बसमध्ये गोंधळ उठला. कोणीतरी रडत होतं, कोणीतरी "न्हाई, न्हाई" ओरडत होतं. मैथिली फोन घट्ट धरून उभी राहिली. बऱ्याच वेळानं भाग्यश्री परत आली.

"सोड," ती म्हणाली. "दोघं अजून न्हाईच म्हणत्यात, पण ती रोज कशालाबी न्हाईच म्हणत्यात. सोड. फकस्त फोन बंद करू नगंस. आमाला ऐकू दे तरी."

सूर्य समुद्राला टेकला तेव्हा आजो काठी टेकत आला. पिल्लं सोडण्याआधी माडवेळमध्ये गाऱ्हाणं घालतात. गावातला एक वडीलधारा सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं घालतो आणि जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. त्या दिवशी जमायला फारसं कोणी नव्हतं. कुर्लीनं फोन आपल्या पाठीवर धरला.

"बा देवा म्हाराजा!" आजोनं हात जोडले. "आज ही एकशे सतरा लेकरां तुझ्या दर्यात चालली हत. तेंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मैथिली म्हणाली. आणि फोनमधून, डोंगरात अडकलेल्या बसमधून, तेवीस गळे एकदम उठले, "व्हय म्हाराजा!"

आजो दचकला आणि हसला. "आणि जी लेकरां घाटात अडाकली हत, तेंकाव सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी एवढा आवाज आला की फोन खरखरला.

समुद्राकडची जाळी उघडून मैथिलीनं टोपली उचलली.

पिल्लं निघाली. ओहोटीच्या ओल्या वाळूवरून ती नाकासमोर चालली, आणि मैथिली फोनजवळ तोंड नेऊन सांगत राहिली, आता पहिलं पाण्याला लागलं, लाटेनं मागे फेकलं, उलटं झालं, सरळ झालं, गेलं! प्रत्येक "गेलं" बरोबर घाटात आरोळी उठत होती.

शेवटचं पिल्लू गेल्यावर कुर्लीनं विचारलं, "नोंदीत लिहायचं आहे. कोणत्या सल्लागाराचं ऐकलं?"

"तिघांचंही," मैथिली म्हणाली. "पहिल्यानं मोजायला लावलं. दुसऱ्यानं शब्द विसरू दिला नाही. तिसऱ्यानं मला पकडलं."

"भाग्यश्री नाही म्हणाली असती तर?"

मैथिलीनं टोपलीतली वाळू झटकली. "तरी सोडली असती," ती म्हणाली. "पिल्लं काही मला राखणीतून मोकळं करू शकत नाहीत ना. पण मग शब्द मोडला असता, आणि तो मोडला हे मी तिला तोंडावर सांगितलं असतं."

"हे तिघांपैकी कोणीच सांगितलेलं नाही."

"मग माझ्या नावावर लिही."

बस नऊला आली. समुद्र काळोखात होता. मुलं आधी त्याच्या आवाजानंच थबकली. कासवांच्या किनाऱ्यावर पांढरा दिवा लावत नाहीत, म्हणून कुर्लीनं आपला लाल दिवा वाळूवर धरला. पाण्याच्या दिशेनं गेलेल्या बारीक रेघा दिसू लागल्या, रवाळ पिठात कोणी बोटं ओढावीत तशा. तेवीस मुलं रेघांच्या कडेनं ओणवी झाली. एकानंही पाय मध्ये टाकला नाही.

भाग्यश्री मैथिलीपेक्षा बुटकी निघाली. ती आधी रेघा मोजत राहिली, एकशे नऊला गोंधळली, मग उठून उभी राहिली.

"ही परत कवा येणार?"

"मादी मोठी झाली की अंडी घालायला जन्मल्या किनाऱ्याच्या आसपास परत येते. साधारण पंधरा वर्षांनी."

"तवा मी सत्तावीसची." भाग्यश्रीनं बोटांवर हिशेब केला. "तवा घाट सकाळीच उतरायचा." मग ती कुर्लीकडे वळली. "काय गं खेकडे, एक तरी येईल का? का शंभरावा हिस्साच येईल?"

कुर्लीनं दिवा रेघांवरून उचलून पाण्याकडे फिरवला.

"येईल की नाही, सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण येईल तेव्हा अख्खंच येईल."